बोलण्याच्या जागेजवळची गाठ: जागेपणी ऑपरेशन की पूर्ण भूल?

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ओळ असते: डाव्या बाजूला लो ग्रेड ग्लायोमाची, म्हणजे मेंदूतल्या हळू वाढणाऱ्या गाठीची, शक्यता. मग दोन डॉक्टरांकडून दोन सल्ले मिळतात. एक म्हणतात, पेशंटला मधल्या वेळात जागं ठेवून गाठ काढू. दुसरे म्हणतात, पूर्ण भूल देऊन काढू. पहिला सल्ला ऐकूनच घरच्यांना धडकी भरते. कवटी उघडी आणि आपला माणूस बोलतोय, हे डोळ्यांसमोर आणवत नाही. म्हणून पुष्कळदा निवड भीतीपोटी होते. ती तशी होऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक शंका बाजूला करू. गाठ हळू वाढणारी आहे, तर नुसतं लक्ष ठेवलं तर? नॉर्वेतल्या दोन रुग्णालयांची तुलना 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. एकाचा कल गाठीचा तुकडा तपासून थांबण्याकडे होता, दुसऱ्याचा लवकर गाठ काढण्याकडे. पेशंट कुठे जाणार हे तो कुठल्या भागात राहतो यावर ठरत होतं, त्यामुळे ही तुलना बरीच प्रामाणिक मानली जाते. एकूण 153 पेशंट होते. पाच वर्षांनी पहिल्या ठिकाणी 60 टक्के हयात होते, दुसऱ्या ठिकाणी 74 टक्के. काढता येण्यासारखी गाठ असेल तर ती काढण्याकडेच माझा कल आहे. प्रश्न उरतो कशी, हा.

मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. दुखते ती डोक्याची कातडी आणि मेंदूवरचं आवरण, आणि ते इंजेक्शनने बधिर करता येतं. पुष्कळ ठिकाणी पेशंटला कवटी उघडेपर्यंत झोपवतात, मग जागं करतात आणि बंद करताना पुन्हा झोपवतात. जागेपणी सर्जन एका बारीक उपकरणाने मेंदूच्या पृष्ठभागावर काही क्षण सौम्य वीजप्रवाह देतात आणि त्याच वेळी पेशंटला चित्रं दाखवली जातात. शब्द अडला किंवा बोलणं थांबलं, की त्या जागेवर आकडा लिहिलेली कागदाची चकती ठेवतात. ती जागा राखायची. अशा चकत्यांनी बोलण्याच्या जागांचा नकाशा तयार होतो. मॉन्ट्रियलचे सर्जन वाइल्डर पेनफिल्ड 1930 च्या दशकात फिट्सच्या ऑपरेशनमध्ये हे करत होते. फ्रान्समधल्या माँपेलिए इथले सर्जन ह्यूग ड्युफो यांनी अलीकडच्या काळात ही पद्धत ग्लायोमासाठी पुष्कळ पुढे नेली.

चित्र पाहून नुसतं नाव नाही, छोटं वाक्य म्हणायला सांगतात. "हे... आहे" एवढं म्हणता आलं आणि नाव आलं नाही, तर शब्द हरवला. काहीच उमटलं नाही, तर बोलणंच थांबलं. मराठीत यात आणखी एक गोष्ट येते. आपण "हा दिवा", "ही खुर्ची", "हे झाड" म्हणतो, म्हणजे नाव तोंडात येण्याआधीच त्याचं लिंग मेंदूने ठरवलेलं असतं. "हा... हे... ही..." अशी चाचपडही ऐकणाऱ्याला काही सांगून जाते, पण ऐकणाऱ्याला मराठी येत असेल तरच.

आता आकडे. 2012 मध्ये 90 अभ्यासांतले 8,091 पेशंट एकत्र करून पाहिले गेले. असं नकाशा काढून केलेल्या ऑपरेशननंतर गंभीर आणि टिकून राहिलेलं नुकसान 3.4 टक्क्यांना झालं, नकाशाशिवाय 8.2 टक्क्यांना. शिवाय गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाण 75 विरुद्ध 58 टक्के. म्हणजे जास्त काढूनही नुकसान कमी. मात्र ही तुलना नकाशा काढण्याची आणि न काढण्याची आहे, जागं आणि झोपलेलं यांची नाही. 2007 मध्ये दिल्लीच्या एम्समधून 53 पेशंटांचा अभ्यास आला. कोणाला जागं ठेवायचं ते चिठ्ठीसारख्या पद्धतीने ठरवलं होतं, आणि त्यात पूर्ण भूल दिलेल्यांची स्थिती उलट बरी निघाली. पेशंट थोडे होते हे खरं, पण तो अभ्यास लपवून जागेपणीच्या बाजूने बोलणं मला पटत नाही. मी त्यातून एवढंच घेते, की नुसतं जागं ठेवल्याने काही साधत नाही. भूलतज्ज्ञ, चाचणी घेणारा आणि सर्जन यांचा एकत्र सराव लागतो.

पूर्ण भुलीच्या बाजूला बरंच काही आहे. गाठ हाताच्या किंवा पायाच्या हालचालीच्या जागेजवळ असेल, तर झोपेतही मेंदूला उत्तेजना देऊन स्नायूंचा प्रतिसाद यंत्रावर पाहता येतो. तिथे जागं राहण्याचा आग्रह मी धरणार नाही. गाठ वेगाने वाढणारी असेल, तर ऑपरेशनआधी प्यायला दिलेल्या फाइव्ह-एएलए औषधाने ती निळ्या प्रकाशात गुलाबी दिसते. जर्मनीतल्या 2006 च्या चाचणीत त्याने गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाण 36 वरून 65 टक्क्यांवर गेलं. लो ग्रेड गाठ मात्र सहसा चमकत नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या न्यूरोसर्जरी विभागाने ऑपरेशन चालू असताना वापरायच्या त्रिमितीय अल्ट्रासाऊंडवर बरंच काम केलं आहे. ऑपरेशन थिएटरमधल्या एमआरआयपेक्षा तो खूप स्वस्त पडतो. पण गुलाबी रंग गाठ कुठे आहे ते दाखवतो, शब्द कुठे आहेत ते दाखवत नाही. झोपलेल्या माणसाला दिवा ओळखायला सांगता येत नाही.

म्हणून माझा हिशेब असा: गाठ भाषेच्या जागेला लागून असेल, पेशंट आज नीट बोलत असेल आणि ते काम नेहमी करणारी टीम हाताशी असेल, तर जागेपणी. बोलणं आधीच फार गेलं असेल, खोकला थांबत नसेल, झोपेत श्वास अडत असेल, मूल लहान असेल किंवा माणूस बंद जागेत घाबरा होत असेल, तर पूर्ण भूल.

जागेपणी काय सोसावं लागतं, तेही पेशंटला आधी सांगा. डोकं पकडीत घट्ट असतं, एका कुशीवर बराच वेळ पडून राहावं लागतं, तोंड कोरडं पडतं, थकवा येतो. विजेच्या उत्तेजनेने टेबलावरच फिट येऊ शकते, मेंदूवर थंडगार सलाईन ओतून ती थांबवतात. आणि घरच्यांनी मन घट्ट करावं अशी एक गोष्ट: गाठ मेंदूच्या पुढच्या (फ्रंटल) भागात मधल्या बाजूला असेल, तर ऑपरेशननंतर माणूस काही दिवस अजिबात बोलत नाही, असं घडतं. बहुतेकांचं बोलणं पुढच्या काही आठवड्यांत परत येतं. हे आधी माहीत नसलं, तर ते दिवस फार जड जातात.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. तुमच्या टीमने गेल्या वर्षभरात अशी किती ऑपरेशनं केली? भूल कोण देणार, त्यांना मेंदूच्या शस्त्रक्रियांचा सराव आहे का? आणि चाचणी कोण, कुठल्या भाषेत घेणार? तिसरा प्रश्न बंगळुरूत किंवा लंडनमध्ये ऑपरेशन होणार असेल तर फारच महत्त्वाचा. सिएटलचे सर्जन जॉर्ज ओजेमन यांच्या टीमने 25 द्विभाषिक पेशंटांमध्ये पाहिलं, की दोन भाषांच्या काही जागा वेगळ्या असतात. इंग्रजी शाबूत राहिली म्हणून मराठीही राहिली, असं धरून चालत नाही. घरात जी बोलली जाते, तिची चाचणी मागा.

ऑपरेशनआधी पेशंटकडून सगळी चित्रं एकदा ओळखून घेतात आणि जी अडतात ती काढून टाकतात. त्या वेळी घरच्या कोणीतरी शेजारी बसावं. तो भात शिजवायच्या भांड्याला "हा टोप" म्हणतो की "हे पातेलं", हे तुम्हालाच माहीत असतं. ते कागदावर लिहून द्या.