कारकीर्दीचा १२ बाय १८ अल्बम: एक पावसाळा काढल्यानंतर

बेळगावात शहापूरच्या एका बुटिकमध्ये टेलर मास्तरांच्या तीसेक वर्षांच्या कामाचा फोटोंतून सांगितलेला आत्मवृत्तान्त काउंटरवर ठेवलेला आहे. ब्लाउजच्या फुग्याच्या बाह्यांपासून आजच्या डोरीवाल्या पाठीपर्यंत सगळं त्यात आहे. १२ बाय १८ इंच, २५ शीट म्हणजे ५० पानं, न फाटणारा एनटीआर कागद, मॅट लॅमिनेशन, रेक्झीनचं कव्हर आणि पुढे ॲक्रिलिकची पाटी. मेमध्ये आला, आता तुळशीचं लग्न उरकून पुन्हा लग्नसराई लागली आहे. एवढ्या हाताळणीनंतरचं मत थोडक्यात: आतली पानं उत्तम टिकली, कव्हरने मान टाकली. आणि हा अल्बम चांगला झालाय तो छपाईमुळे कमी, स्कॅनिंगमुळे जास्त.

करिझ्मा अल्बम, म्हणजे संगणकावर पानं मांडून छापलेला अल्बम, म्हटलं की लोक डिझायनरकडे धावतात. खरं काम त्याआधीचं. ४ बाय ६ इंचांची जुनी प्रिंट ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केली की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, म्हणजे ३०० डीपीआयला ८ बाय १२ इंचांपर्यंत ती छान उभी राहते. पुढे ताणली की चेहरा एकवेळ चालतो, पण कशिद्याचा टाका मेणासारखा पसरतो, आणि असल्या पुस्तकात टाकाच तर दाखवायचा असतो. ३५ मिमी निगेटिव्ह असेल तर प्रिंट बाजूला ठेवून तीच घ्या: २४०० डीपीआयला सुमारे ३४०० बाय २२७० पिक्सेल. स्टुडिओतल्या जुन्या १२० फिल्मची (रुंद रोलची) ६ बाय ६ सेंटिमीटरची निगेटिव्ह मिळाली तर सोनंच. तेवढ्याच डीपीआयला एक बाजू ५३०० च्या आसपास जाते आणि पानभर फोटो बिनधास्त लावता येतो. स्कॅनरची इन्फ्रारेड धूळ-सफाई रंगीत फिल्मवर ठेवा, कृष्णधवलवर बंद करा. चांदीचे कण इन्फ्रारेड अडवतात, मग यंत्र तपशिलालाच धूळ समजून खाऊन टाकतं.

सिल्क फिनिशच्या प्रिंटा हा वेगळाच ताप. त्यांचे उंचवटे स्कॅनरच्या एका बाजूच्या उजेडात चमकतात आणि काळ्या शालूवर मीठ भुरभुरल्यासारखं दिसतं. उपाय साधा आहे: एकदा सरळ आणि एकदा प्रिंट १८० अंश फिरवून स्कॅन करायचं, दोन्ही एकावर एक जुळवायचे, वरच्या लेयरची ओपॅसिटी ५० टक्के. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नयेत; दातांचा मेणदोरा खालून करवतीसारखा फिरवला की बहुतेक सुटतात. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो मात्र काचेसकटच स्कॅन करा.

रंगांबद्दल. अल्बमात बंद राहिलेल्या जुन्या रंगीत प्रिंटांतला निळसर म्हणजे सायन रंग आधी उडतो, त्यामुळे सगळी वरात तांबडी दिसते. ऑटो कलरने ती हिरवी होते. फोटोशॉपच्या लेव्हल्समध्ये लाल, हिरवा, निळा असे तिन्ही चॅनल वेगवेगळे ओढावे लागतात. पांढऱ्यासाठी नवऱ्याची टोपी किंवा सदरा पकडा, जरीचा काठ नको, तो कधीच पांढरा नसतो. राणी आणि कुंकवाचा लाल हे दोन रंग छपाईत सपाट होतात, कारण लाल चॅनल आधीच २५५ ला, म्हणजे कमाल मर्यादेला, टेकलेला असतो. सॅच्युरेशन थोडं उतरवलं की पदराच्या चुण्या परत दिसू लागतात. पूर्ण ऑर्डरआधी एक ८ बाय १२ चाचणी प्रिंट काढायला सांगा, याला पर्याय नाही.

या अल्बममधलं सगळ्यात जमलेलं पान इरकलीचं आहे. १२ बाय ३६ चं अख्खं शीट, डावीकडे चौकड्यांचं अंग, उजवीकडे लाल टोपपदर आणि त्यावरचे पांढरे दाते. अंगाचे आणि पदराचे उभे धागे फासे घालून जिथे एकमेकांत अडकवलेत, तो जोड घडीपासून तीन बोटं दूर ठेवलाय म्हणून दिसतो. नाहीतर शीट कितीही सपाट उघडो, मधली घडीची रेघ नेमकी तिथूनच गेली असती. मोबाईलवरच्या प्रूफमध्ये त्या चौकड्या लाटांसारख्या हलतात. त्याला घाबरू नका, १०० टक्के झूमवर बघा. मासिकातल्या कात्रणांचं मात्र उलट: छपाईच्या ठिपक्यांची जाळी खरोखर कागदावर उतरते, तिथे डीस्क्रीन, म्हणजे ती जाळी पुसणारी स्कॅनिंगची सोय, हवंच.

मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हींत आहे, आमच्या भागात तसाच हवा. गिऱ्हाईक मराठी खानापूरचं तसं कन्नड बैलहोंगलचंही. फोटोशॉपमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडत असेल किंवा कन्नडचे ओत्तक्षर (जोडाक्षरातलं खालचं अक्षर) सुटे पडत असतील, तर टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. जुन्या फाँटमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये आणा. ओळी छोट्या ठेवल्यात तेही बरं: साल, कापड, गळा, बाही, भरतकाम. नवरीचं नाव नाही, त्यामुळे परवानगीची कटकट कमी. चेहऱ्यांसाठी तरी विचारावंच.

आता टिकाऊपणा. एनटीआर हा प्लास्टिकचा, पाणी पीत नाही. आषाढातल्या दमटपणातही पानं वाकली नाहीत. मॅटवर बोटांचे ठसे कमी, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जरीवर झगमग येत नाही. ग्लॉसीत तो त्रास हमखास. कोपऱ्यांवर लॅमिनेशन एक-दोन ठिकाणी सुटायला लागलंय; कोपरे गोल कापून मागवले असते तर हे टळलं असतं. रेक्झीनला पुठ्ठ्याच्या कडेने पापुद्रे आले, कारण वरचा प्लास्टिकसारखा पीयू थर ओलाव्याने सुटतो. ॲक्रिलिकवर तर बांगड्यांचे ओरखडेच ओरखडे. नवीन करणाऱ्यांनी कव्हरला कॅनव्हास किंवा खणाचं कापड घ्यावं आणि पाटी घेऊच नये.

वजन तीन किलोंच्या पुढे आहे, म्हणून अल्बम आडवाच ठेवायचा. उभा ठेवला की पानांचा गठ्ठा कव्हरपासून खाली ओढला जातो. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, रंग बदलणारी असेल तर बदलल्यावर ओव्हनमध्ये १२० अंशांना तास-दीड तास तापवून पुन्हा वापरा. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांच्या वाफेने प्लास्टिक मऊ पडतं. आणि लॅबकडून फक्त जेपीजी घेऊन बसू नका. लेयरच्या फाइली आणि मूळ स्कॅन टिफमध्ये दोन वेगळ्या डिस्कवर हवेत, कारण काउंटरवरची प्रत तीन-चार लग्नसराया झाल्या की बदलावीच लागणार.