घरचा टीव्ही की फिल्म क्लब? पिक्चरसमोर चुळबुळ करणाऱ्यांसाठी

गेल्या महिन्यात एका मित्राचा फोन आला. "पंचावन्न इंची टीव्ही घेतला, तीन ओटीटी घेतले, पण एक पिक्चर धड बघून होत नाही. तुझं कसं काय जमतं रे?" जमत नव्हतंच. दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझीही तीच गत होती. कॉलेजात असताना दुपारचा खेळ बघून संध्याकाळच्या खेळाला दुसऱ्या थेटरात जाणारा मी, पन्नाशीत आल्यावर विसाव्या मिनिटाला मोबाइल चाचपायला लागलो होतो. मित्राला फोनवर जे सांगितलं ते अर्धंमुर्धं झालं, म्हणून आता सविस्तर लिहितो.

मी दोन उपाय केले. आधी घरची मांडणी सुधारली, मग फिल्म क्लबाचा, म्हणजे वर्गणी घेऊन सभासदांना चित्रपट दाखवणाऱ्या मंडळाचा, सभासद झालो. दोन्हींत तथ्य आहे, असं प्रामाणिकपणे वाटतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. सिनेमाच काय, जेवण, गप्पा, आवडतं गाणं, काहीच गोड लागेनासं झालं असेल आणि आठवडेच्या आठवडे तसेच जात असतील, तर टीव्ही आणि क्लब दोन्ही राहू द्या, डॉक्टरांना भेटा. तो प्रश्न पडद्याचा नाही. बाकी सगळं ठीक असूनही फक्त पिक्चरसमोर बूड टिकत नाही, अशांसाठी हे आहे.

मल्टिप्लेक्सचा पर्याय मी लवकर सोडला. बंगळुरूच्या एका प्रेक्षकाने ४.०५ चा खेळ जाहिरातींमुळे ४.३० ला सुरू झाला म्हणून ग्राहक आयोगात तक्रार केली होती आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये निकालही त्याच्या बाजूने लागला. पुढे उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली ती वेगळी गोष्ट, पण त्या गृहस्थाचं दुःख माझ्या चांगलंच ओळखीचं आहे. जाहिराती संपेपर्यंत माझी त्या दिवसाची बसायची ताकद संपलेली असते.

तर घर. घरी बघण्यात खरंच सुधारणा करता येते, आणि त्यातल्या काही फुकट आहेत. पहिली म्हणजे टीव्हीतली मोशन सेटिंग बंद करणं. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेम्सचा) असतो. नवे टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने तयार करून भरतात, म्हणून क्रिकेट छान दिसतं आणि सिनेमा मात्र साडेसातच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. माणसं सेटवर उभी आहेत असं वाटत राहतं आणि आपण त्या गोष्टीत शिरतच नाही. कुठे याला 'ट्रूमोशन' म्हणतात, कुठे 'मोशनफ्लो', कुठे 'ऑटो मोशन प्लस'. 'फिल्ममेकर मोड' असेल तर सरळ तो लावा. मी हे केलं त्या रात्री वाटलं, सापडला रोग. अर्धाच सापडला होता.

आवाजाचंही तसंच. सपाट टीव्हीचे स्पीकर बहुतेक वेळा खाली नाहीतर भिंतीकडे तोंड करून असतात. संवाद पुटपुटल्यासारखे आणि गोळीबार शेजारच्या काकूंपर्यंत. साधासा साउंडबार घेतला, हिंदी पिक्चरलाही सबटायटल लावायला लागलो, फरक पडला.

मग निवडीचा घोळ. आपण सगळेच यातून गेलोय, त्यामुळे फार लिहीत नाही. नेटफ्लिक्सने २०२१ मध्ये 'काहीतरी लाव' अशा अर्थाचं एक बटणच देऊन पाहिलं होतं, दोन वर्षांत काढूनही टाकलं. माझा उपाय त्याहून गावठी आहे. सकाळच्या चहाला रात्रीच्या पिक्चरचं नाव चिठ्ठीवर लिहून फ्रिजला लावायचं. रात्री त्यावर चर्चा नाही. हा उपाय अजूनही चालू आहे आणि चांगला चालतो. मोबाइल स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर. तिथे चार्जिंगची सोय नाही, हा मोठा फायदा.

हे सगळं करूनही एक गोष्ट उरली, आणि माझा निकाल तिथे लागला. पॉजचं बटण.

दाराची बेल वाजली, पॉज. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, पॉज. या नटाला कुठेतरी पाहिलंय, पॉज, मग स्वयंपाकघरात, मग तांदळाच्या डब्यापाशी उभं राहून अकरा मिनिटं मोबाइल. सुरुवातीला ही मोठी सोय वाटायची. बायको मला म्हणाली, "अरे, तू पिक्चर बघतोस की पिक्चरला बघायला मधूनमधून येतोस?" तिच्यावर मी थोडा चिडलो. पण त्यानंतर स्वतःकडे लक्ष ठेवायला लागलो, आणि दिसलं ते असं की मी थांबायला कारणं शोधत होतो. पडद्यावर दोन माणसं गप्प बसली की मला पंख्याचा वेग कमीजास्त करावासा वाटायचा. कोणी रडायला लागलं की मला तहान लागायची. नेमकी तेव्हाच. म्हणजे जिथे सिनेमा आपल्याकडून काहीतरी मागतो, त्या जागेवरून मी पाणी प्यायला उठून जात होतो.

एका रविवारी ओटीटीवरची अर्धवट सोडलेल्या पिक्चरांची रांग मोजली. तेवीस. प्रत्येकाच्या पोटाखाली कितपत बघून झालं ते दाखवणारी लाल रेघ, कुणाची बोटभर, कुणाची नखाएवढी. लहानपणी पानात काही टाकलं तर आजी उठू द्यायची नाही. इथे तेवीस पानं उष्टी पडली होती.

रिमोट बायकोकडे देऊन पाहिला. दहाव्या मिनिटाला तिनेच पॉज केलं. "दूध वर येतंय बघ जरा."

आता दोन्हीकडे एकच चित्रपट बघण्याचा योग आला, तो सांगतो, कारण माझ्याकडे मोजमाप असं तेवढंच आहे. शांताल अकरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा १९७५ चा 'झान दिलमान'. तीन तास एकवीस मिनिटं. ब्रसेल्समधली एक विधवा, तिचा मुलगा, घर, आणि तीन दिवस. ती स्वयंपाक करते, भांडी घासते, अंथरूण घालते, आणि कॅमेरा समोर ठोकळ्यासारखा उभा. २०२२ मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाने जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला त्यात हा पहिला आला, म्हणून कुतूहलाने घरी लावला. पहिल्या रात्री बावीस मिनिटं. दुसऱ्या रात्री नऊ. तिसऱ्या रात्री दीडपट वेगाने लावला, तेव्हा ती बाई दीडपट वेगाने घरकाम करू लागली आणि मला हसू आलं. चौथ्या रात्री लावलाच नाही. चोविसावं पान. समीक्षकांना वेड लागलंय, असं मत मी तेव्हा दोघातिघांना ऐकवलंही होतं.

पुढे काही महिन्यांनी तोच चित्रपट आमच्या क्लबात होता. वर्गणी भरलेली, त्यात मी येईन असं एका ओळखीच्यांना सांगून बसलेलो. गेलो. रांगेच्या मधोमध जागा मिळाली, डावीकडे सहा गुडघे, उजवीकडे आठ. मध्यंतर नाही. पहिला पाऊण तास मी मनातल्या मनात उठून गेलो, निदान चार वेळा. पण प्रत्यक्षात उठायचं म्हणजे तीन-चार माणसांना अंधारात उभं करायचं, आणि तेवढं धैर्य माझ्यात नाही.

मग केव्हातरी, नक्की कधी ते सांगता येत नाही, मला त्या घराची सवय झाली. ती खोलीतून बाहेर पडताना दर वेळी दिवा बंद करते. अरे, हे तर आमच्या आईचं. "बिल तुझा बाप भरणार का" हेसुद्धा मला ऐकू आलं. आणि दुसऱ्या दिवशी तिचं काहीतरी बिनसतं. काय, ते चित्रपट सांगत नाही. बटाटे गॅसवर जास्त वेळ राहतात. पातेलं हातात घेऊन ती स्वयंपाकघरातून बाहेर पडते, परत येते, ते कुठे न्यावं हेच तिला सुचत नाही. माझ्या मागच्या रांगेत एक आजी होत्या. त्या अगदी हळू, शेजारणीला म्हणाल्या, "गेले गं बटाटे." आणि सबंध हॉलमध्ये कोणी हसलं नाही. मला छातीत कसंसं झालं. बटाटे जास्त शिजले म्हणून! घरी मी असतो तर त्या क्षणी नक्की पाणी प्यायला उठलो असतो.

तीच बाई, तेच घर, तोच मी. फरक एवढाच की मला थांबवता येत नव्हतं.

फिल्म क्लबाची कल्पना बहुतेकांना असते. कलकत्त्यात १९४७ साली सत्यजित राय आणि मंडळींनी फिल्म सोसायटी काढली, १९५९ मध्ये देशभरच्या सोसायट्यांचा महासंघ झाला, मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून आहे, पुण्यात तर १९६४ पासून चित्रपट संग्रहालयच लॉ कॉलेज रोडवर. या सगळ्या मंडळींचा हेतू मोठा होता, जगाचा सिनेमा लोकांना दाखवायचा. तो सिनेमा आता बराचसा घरबसल्या मिळतो, म्हणून काही जण विचारतात की क्लब हवेत कशाला. मला विचाराल तर क्लबाचा आजचा उपयोग वेगळाच आहे. तिथे निवड नाही, बटण नाही, आणि दिवे दुसऱ्या कोणाच्या तरी हातात आहेत. वर्गणी माझ्या दोन ओटीटींच्या वार्षिक खर्चापेक्षा कमी पडते, पण ते गौण.

आता क्लबाची दुसरी बाजू, नाहीतर मी एकतर्फी लिहिलं असं होईल. खुर्च्या जेमतेम. एसी एकतर मसुरीसारखा, नाहीतर बंद. पुढे उंच माणूस बसला की सबटायटलचा डावा अर्धा भाग त्याच्या डोक्यामागे, मग वाक्यांचा शेवट वाचून सुरुवात ओळखायची. यादीत आवडीचं फार थोडं. वर्षभरात मी पाहिलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मला अजिबात कळले नाहीत आणि दोनांत मी शांत झोपलो. (झोप मात्र उत्तम लागते.) पावसात स्कूटर काढून जायचं जिवावर येतं. आणि चित्रपटानंतरची चर्चा. प्रत्येक क्लबात एक गृहस्थ असतात, ते "माझा एक छोटासा प्रश्न आहे" असं म्हणून उभे राहतात आणि सात मिनिटांनी प्रश्नचिन्ह न लावताच बसतात. दिवे लागल्याबरोबर निघालं तर कोणी वाईट मानत नाही, एवढं मी शोधून काढलंय.

घरी मूल लहान असेल, आजारी माणूस असेल, गुडघे किंवा पाठ दोन-तीन तास साथ देत नसेल, तर क्लबाच्या नादी लागू नका. घरची मांडणी सुधारून बरंच काही हाती लागतं. ज्यांना सबटायटल वाचायला मधे थांबावं लागतं, त्यांनाही घरच बरं. आणि मालिका आवडत असतील तर प्रश्नच मिटला, त्या तुकड्यातुकड्यांनीच बघायच्या असतात. ज्यांचं मन उत्तम पिक्चर लावूनही पळतं, आणि जे माझ्यासारखे स्वभावाने थोडे भित्रे आहेत, त्यांना मात्र मी आधी क्लब सुचवेन. टीव्ही बदलण्याआधी तर नक्कीच. अर्थात हे माझ्यापुरतं. माझ्या भावाला पॉजचा काही त्रास नाही, तो तीन दिवसांत एक पिक्चर बघतो आणि त्याला सगळं आठवतं. अशीही माणसं असतात.

गंमत म्हणजे क्लबामुळे घरचं बघणंही थोडं सुधारलं. त्या तेवीसांपैकी सहा पूर्ण झाले. बाकीच्यांच्या रेघा तशाच आहेत, आणि खरं सांगायचं तर त्या पुढे सरकतील असं वाटत नाही.

मित्र शनिवारी माझ्याबरोबर येतोय. त्याला दोनच गोष्टी सांगितल्यात. अंगावर घ्यायला शाल आण, आणि कडेची खुर्ची धरू नकोस, मधली घे.