आंबोली घाटात भाड्याची सायकल: ब्रेकला पूर्ण मार्क

मी एसटीत चालक होतो. आंबोली घाटाचं वळण न् वळण मला स्टेअरिंगमागून पाठ. निवृत्तीनंतर तोच घाट पुतणीबरोबर ऐन पावसात सायकलने चढलो, म्हणून हे लिहितोय.

सायकली सावंतवाडीतल्या एका दुकानातून भाड्याने घेतल्या. गिअरची सायकल, हेल्मेट आणि सोबतीला एक वाटाड्या, माणशी 700 रुपये. पैसे वसूल झाले ते ब्रेकमध्ये. सायकल हातात देण्याआधी दुकानातल्या पोराने चाकावर बाटलीभर पाणी ओतलं आणि म्हणाला, "काका, आता दाबून बघा." डिस्क ब्रेकने ओल्यातही लगेच धरलं. रिमवर घासणारे जुने रबरी ब्रेक पावसात आधी पाणी पुसतात, मग धरतात. घाटात तेवढ्या वेळात वळण संपतं.

सावंतवाडी ते आंबोली साधारण 30 किलोमीटर. दाणोलीपर्यंत भातशेतीतून मजेत जायचं, खरा चढ त्यानंतर. आंबोली 690 मीटर उंचीवर आहे, पण घाबरू नका. हा आमच्या वेंगुर्ला बंदरातून बेळगावला माल नेण्याचा जुना रस्ता; भरल्या बैलगाड्या चढायच्या, त्यामुळे चढ एकदम अंगावर येत नाही. सर्वांत हलका गिअर टाकून गप्प पाय मारत राहायचं. पुतणी माझ्या पुढे होती आणि वाटाड्या मुद्दाम मागे. घाई कर म्हणून एकदाही बोलला नाही, हे मला फार आवडलं.

गावाच्या अलीकडेच मुख्य धबधबा. बसमधून तो माझ्यासाठी काचेवरचं पाणी आणि समोरची गर्दी एवढाच होता. सायकल लावून पायऱ्या चढलो तेव्हा त्याचा आवाज पहिल्यांदा छातीत जाणवला. दोन कडक चहा, गरम कांदाभजी आणि चिंब अंग. किती वेळ बसलो कोण जाणे.

उतरताना वाटाड्याने बजावलं, "काकानु, ब्रेक सारखो दाबून ठेवू नकात, सोडून सोडून मारा." अगदी बरोबर. ब्रेक तापू नयेत म्हणून आम्हीही घाटात गाडी गिअरवरच उतरवायचो.

आता तक्रारी. पुतणीच्या सायकलच्या मागच्या लाल दिव्याला चार्जिंग नव्हतं. ढग उतरले की बसच्या चालकाला वळणावरचा सायकलवाला दिसतच नाही, हे मी त्या सीटवरून अनुभवलंय. तो दिवा ब्रेकइतक्याच काळजीने तपासायला हवा. दुसरं, दुकान आठला उघडतं. शनिवार-रविवारी धबधब्यापाशी पोचेपर्यंत गाड्यांची रांग लागलेली असते. सहाला सायकली दिल्या पाहिजेत. मी तसं सांगून आलोय.

तुम्ही जाणार असाल तर मधला वार धरा, सीटची उंची दुकानातच लावून घ्या आणि दिवा पेटवून बघितल्याशिवाय निघू नका.