सिसिली की सार्डिनिया: भूगोलाच्या प्रकल्पासाठी कोणते बेट घ्यावे?

मोर्शी तालुक्यात राहणाऱ्या माझ्या भाचीला अकरावीच्या प्रकल्पासाठी इटलीच्या दोन मोठ्या बेटांपैकी एक निवडायचे आहे, आणि पर्यटनाच्या जाहिराती पाहून तिचा गोंधळ वाढलाच आहे. त्या बाजूला ठेवून पाहू.

क्षेत्रफळात फारसा फरक नाही. सिसिली सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर, तर सार्डिनिया सुमारे २४,१०० आहे. खरा फरक वस्तीत आहे: सिसिलीत अंदाजे ४८ लाख लोक राहतात, सार्डिनियात जेमतेम १६ लाख, म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्याच्या जवळपास दुप्पट जमिनीवर त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक माणसे.

सिसिलीतील एटना हा ३,३०० मीटरहून उंच, जागृत ज्वालामुखी असून त्याच्या पायथ्याच्या सुपीक जमिनीत लाल गराच्या संत्र्यांच्या बागा पिकतात. वरूड-मोर्शीच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पूर्व किनाऱ्यावर तेलशुद्धीकरणाचे मोठे कारखाने आहेत, तरीही रोजगाराच्या शोधात तरुण उत्तर इटलीकडे जातातच. सार्डिनियात जागृत ज्वालामुखी नाही. तेथे माणसांपेक्षा मेंढ्या अधिक आहेत आणि त्यांच्या दुधाचे पेकोरिनो चीज निर्यात होते. नैर्ऋत्येकडील खाणींचा जुना व्यवसाय मात्र ओसरला आहे.

विरळ वस्ती आणि पशुपालन अभ्यासायचे असेल, तर सार्डिनिया घ्यावे; ज्वालामुखी, दाट वस्ती आणि फळबागा यांचा संबंध मांडायचा असेल, तर सिसिली. भाचीच्या घरी संत्र्याची बाग असल्याने तिला मी सिसिलीच सुचवली आहे.