इनस्क्रिप्ट कळफलकावर कादंबरी : अकरा महिन्यांनंतर

दिवसा मी पतसंस्थेत हिशेब लिहिते आणि रात्री कादंबरी. औसा तालुक्यातल्या एका घराची गोष्ट आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती, त्यातली कितीतरी पुन्हा उठली नाहीत. यावर लिहायचं हे कॉलेजात असतानाच मनाशी पक्कं केलं होतं. नंतरच्या वीस वर्षांत सात वह्या भरल्या, पण कादंबरी काही झाली नाही. अकरा महिन्यांपूर्वी इनस्क्रिप्ट, म्हणजे संगणकावर थेट मराठी अक्षरं टाइप करायची कळफलकाची मांडणी, शिकायला घेतलं आणि आज 212 पानं संगणकावर आहेत. मराठीत गोष्ट लिहायची इच्छा आहे पण हात अडतोय, अशा माणसाला याचा उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी काय काय करून पाहिलं ते सांगते. पहिली चाळीस पानं मी डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतली. त्याचा फॉन्ट जुन्या पद्धतीचा, युनिकोड (म्हणजे कुठल्याही संगणकावर अक्षर तेच राहावं यासाठीचं प्रमाण) नसलेला. घरी फाइल उघडली तर मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिखल. एक ओळ बदलायची झाली तरी त्याच्या दुकानात जाऊन बसायचं, आणि त्याचं लग्नपत्रिकांचं काम संपेपर्यंत माझी ओळ डोक्यातून निघून गेलेली असायची. मग मोबाइलवर लिहू लागले. तिथला अंदाज बांधणारा कळफलक रोजच्या निरोपांना उत्तम आहे, पण माझ्या आज्जीची भाषा त्याला झेपत नव्हती. 'आलती' लिहिलं की तो 'आरती' करायचा, 'गेलता'चं 'गेला'. बोलून टाइप करावं तर 'न्हाई'चं 'नाही' होऊन यायचं. चार पानं झाली की पात्रं माझ्या गावची राहायची नाहीत, बातम्यांमधलं मराठी बोलायला लागायची.

रोमन अक्षरं दाबून मराठी उमटवण्याची पद्धतही वर्षभर वापरली. ती शिकावी लागत नाही, हे खरं. पण प्रत्येक शब्द आधी इंग्रजी अक्षरांत फोडायचा आणि मग मराठीत बघायचा. पत्राला चालतं. आज्जीचं वाक्य कानात वाजत असताना मध्येच ते स्पेलिंग आलं की वाजणं थांबायचं.

इनस्क्रिप्टची मांडणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 मध्ये प्रमाण म्हणून ठरवली. ती विंडोजमध्ये, लिनक्समध्ये आधीपासून असतेच, सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा जोडली की झालं. खर्च काय तो कळांवर चिकटवायच्या स्टिकरचा, मला दीडशे रुपये पडले. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. क जिथे, तिथेच शिफ्ट दाबून ख. ग-घ, त-थ, च-छ अशाच जोड्या. ल वर शिफ्ट दाबलं की ळ. म्हणजे शाळेत पाठ केलेली बाराखडी आणि वर्णमालाच बोटांत उतरते. कन्नड आणि तेलुगूलाही हीच मांडणी आहे. आमच्या शाखेत आळंदकडची एक सहकारी आहे, तिने माझा कळफलक पाहिला आणि पहिल्याच दिवशी त्यावर कन्नडमध्ये आपलं नाव लिहून दाखवलं.

टाइपरायटरची सवय असलेल्यांना एक गोष्ट जड जाईल. तिथे 'कि' लिहिताना वेलांटी आधी मारायची, कारण ती कागदावर आधी दिसते. इथे आधी क, मग वेलांटी. जसं उच्चारतो तसं. जोडाक्षरही तसंच : पहिलं अक्षर, पाय मोडायची कळ (इंग्रजी डी जिथे असतो ती), मग दुसरं अक्षर. सवय झाली की 'माळ्यावरच्या' हा शब्द बोटं एका दमात लिहितात.

सवय व्हायला मात्र वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात मिनिटाला सहा शब्द. रात्री साडेदहाला भांडी आवरून बसायचं आणि बारा वाजेपर्यंत जेमतेम अर्धं पान. त्या दिवसांत मी दोनदा सोडून दिलं. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस पतसंस्थेच्या परिपत्रकावर नजर गेली आणि लक्षात आलं, मांडीवर ठेवलेली बोटं ते वाचता वाचता हलत होती. तिथून पुढे सोपं गेलं. आता वेग 28 च्या आसपास आहे. शासनाच्या टंकलेखन परीक्षेची पहिली पायरी 30 ची असते, म्हणजे मी फार वेगवान नाही. पण कादंबरीला तेवढा वेग पुरतो, किंबहुना तोच मानवतो असं माझं मत झालं आहे.

त्याचं कारण सांगते. वह्यांमध्ये मी भराभर लिहायचे आणि मोठे मोठे शब्द यायचे. 'काळाचा घाला', 'आक्रोश', 'उद्ध्वस्त'. वर्तमानपत्रांनी तेव्हा वापरलेले शब्द, तेच माझ्या हातात बसले होते. इनस्क्रिप्टवर सुरुवातीला एकेक अक्षर शोधावं लागायचं, तेव्हा 'उद्ध्वस्त' लिहिण्याआधी मी थांबायचे. तीनदा पाय मोडायचा, तेही अशा शब्दासाठी जो आमच्या घरात कुणी कधी उच्चारला नाही? आज्जी काय म्हणाली होती? ती म्हणाली होती, "दार सापडंना." तेवढंच लिहिलं. मग तसंच होत गेलं. दगडमातीच्या भिंती, वर लाकडाच्या तुळया आणि त्यावर दरवर्षी पावसाळ्याआधी टाकलेल्या मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात त्याखाली गार वाटायचं म्हणून सगळ्यांना अभिमान. माणसं गेली ती त्याच ओझ्याखाली. हे सगळं मला वीस वर्षं माहीत होतं, पण आमच्या शब्दांत लिहायला हात थांबावा लागला, आणि कुणी माझा शब्द दुरुस्त करणारं मध्ये असून चालणार नव्हतं.

आता त्रुटी. 'दुसऱ्या'मधला र साध्या र ने होत नाही, शिफ्ट दाबून मिळणारा नुक्त्याचा ऱ लागतो. साधा घेतला तर 'सूर्या'सारखा रफार चढतो. आचाऱ्यांना आणि आचार्यांना यांत केवढा फरक, आणि तो एका कळेवर अवलंबून. हे मला कुठल्याच तक्त्यात समजावलेलं सापडलं नाही, पहिली साठ पानं पुन्हा तपासावी लागली. दुसरा त्रास ॲ चा. हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये त्या जागी चौकोन दिसतो. माझ्या गोष्टीत ॲम्ब्युलन्स पानापानावर आहे. शेवटी अक्षरजुळणीच्या प्रतीसाठी फॉन्टच बदलला.

आणि एक अडचण जी कळफलकाची नाही, पण आपल्यासारख्यांना येणारच. कादंबरीचा एक तुकडा कथा म्हणून मी तीन दिवाळी अंकांना पाठवला. 1909 मध्ये 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून नव्या लेखकाला आपल्याकडे हे दार आहे, आणि त्यासाठी मजकूर जून-जुलैत द्यावा लागतो. एका ठिकाणाहून फाइल त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये हवी असा निरोप आला. रूपांतर करून दिली, तर वाटेत सगळे ऱ्य तुटले आणि संवादांतले अर्धे शब्द वाचता येईनात. मी छापील प्रत टपालाने पाठवली. उत्तर आलं नाही. दुसरीकडून नकार आला. त्या संपादकांनी दोन ओळी लिहिल्या होत्या, की बोली फार दाट आहे, वाचक अडखळेल. ते पत्र मी जपून ठेवलं आहे. वाईट वाटलं, आठवडाभर यंत्र उघडलं नाही. तिसरीकडून अजून काही कळलेलं नाही.

मग का लिहायचं, हे घरातले विचारतात. मुलगी दहावीला आहे, तिला माझ्या रात्रीच्या टकटकीचा त्रास होतो म्हणून मी स्वयंपाकघरात बसते. माझं उत्तर असं आहे की 52 गावं नव्या जागी वसवली गेली, रुंद रस्ते आणि ओळीत घरं मिळाली, आणि त्यात जुन्या घरांचे शब्द कुठेच ठेवले गेले नाहीत. धान्याचं पेव, भिंतीतली देवळी, दारातली ढेलज, वरचं माळवद. माझ्या मुलीने ढेलज पाहिलेली नाही. नव्या घरात गेल्यावरही आज्जी स्लॅबखाली झोपली नाही, अंगणातच झोपायची, हे तिला माहीत नाही. मला हे तिच्यासाठी लिहायचं आहे, तिला वाचता येईल अशा लिपीत आणि आज्जीच्या तोंडच्या शब्दांत.

इनस्क्रिप्ट कुणी घ्यावं? ज्यांना महिन्यातून दोन पानं लिहायची आहेत त्यांनी घेऊ नये, पहिले तीन आठवडे वाया गेल्यासारखे वाटतील. ज्यांची पात्रं प्रमाण मराठी बोलतात त्यांना मोबाइल पुरेल. बोलीत लांबचं काही लिहायचं असेल तर तीन आठवडे द्या. त-र-क वरचे स्टिकर सहा महिन्यांत पुसले जातात, तोवर त्यांची गरज उरत नाही.

त्या पहाटेचं प्रकरण मी मागच्या रविवारी पूर्ण केलं. आई आली होती. तिला वाचता येतं पण पडद्यावर डोळे दुखतात, म्हणून मी वाचून दाखवलं. ती हात मांडीत घेऊन ऐकत होती, मध्ये काही बोलली नाही. 'माळवद पडलं' या वाक्याशी मात्र तिने मला थांबवलं.

"पडलं न्हाई गं. बसलं. माळवद बसतंय."

मी प आणि ड खोडून ब आणि स दाबले. "आता वाच," ती म्हणाली.