रेल्वेत पाय पसरून बसायचं असेल तर: पोरांचं फुल तिकीट, खालच्या बर्थचा कोटा आणि बाकीच्या सोयी, माझा अनुभव

आमचं माहेर अमळनेर आणि अर्ध सासर सुरतेत, उधन्याकडे, त्यामुळे तापी लाइनवर येणंजाणं वर्षभर चालूच असतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेरी यायचं, श्रावणात कानबाईच्या सणाला सगळं खानदान सुरतेहून गावाकडे येतं, मग दिवाळी, मग लग्नसराई. आणि पुण्या-मुंबईकडे कुणी ना कुणी शिकायला नाहीतर दवाखान्यासाठी असतंच. दर वेळी घरात एकच चर्चा, की जागा मिळेल का आणि मिळाली तर नीट बसता येईल का. म्हणून हा रिव्ह्यू कुठल्या एका गाडीचा नाहीये, रिझर्वेशन करताना थोडी जास्तीची किंवा सोयीची जागा मिळवायच्या ज्या सोयी रेल्वेने ठेवल्यात त्यांचा आहे. बऱ्याच लोकांना त्या माहितीच नसतात आणि मग गाडीत भांडणं होतात.

सगळ्यात आधी पोरांचं तिकीट, कारण माझ्या मते पैसे घालायला याच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. नियम असा आहे की 5 वर्षं पूर्ण ते 12च्या आतलं मूल असेल आणि हाफ तिकीट काढलं तर त्याला बर्थ मिळत नाही. हे 21 एप्रिल 2016 पासून आहे, त्याच्या आधी हाफ तिकिटात पण बर्थ मिळायचा म्हणून जुन्या लोकांच्या डोक्यात अजून तेच बसलंय. आता बर्थ हवा तर मोठ्या माणसाइतकं पूर्ण भाडं. 5च्या आतल्याला तिकीटच लागत नाही, पण त्याला वेगळा बर्थ हवा असेल तर त्याचंही पूर्ण भाडं देऊन घेता येतो. आमच्या वेळी झालं काय, तिकिटं एका एजंटकडून काढली होती आणि त्याने न विचारता दोन्ही पोरांची हाफ काढून टाकली, तिकिटावर पोरांच्या नावापुढे बर्थ नंबरच्या जागी एनओएसबी लिहिलेलं, म्हणजे ना सीट ना बर्थ. रात्रीचा प्रवास, स्लीपरचा बर्थ जेमतेम दोन फूट रुंद, त्यावर मी आणि दहा वर्षांचा मुलगा, त्याचे पाय माझ्या बरगड्यांत आणि माझी पाठ लोखंडी साखळीला, दुसऱ्या बर्थवर ह्यांच्याजवळ मुलगी. सकाळी चौघंही आंबलेले. तेव्हापासून रात्रीचा प्रवास असेल तर पोरांचं फुल तिकीट म्हणजे फुलच. स्लीपरमध्ये जे काही जास्तीचे पैसे जातात ते एखाद्या हॉटेलात चौघांनी शेवभाजी खाल्ली तर त्याच्यापेक्षा फार नसतात, आणि त्या पैशात अख्खा बर्थ रात्रभर आपला. फॉर्ममध्ये मुलाचं वय टाकलं की बर्थ हवा का ते विचारतं, तिथे हो करायचं, आणि एजंटकडे गेलात तर तोंडाने स्पष्ट सांगायचं.

आता खालचा बर्थ. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वर चढणं शक्यच नाही, त्यामुळे हा विषय मी मुळापासून समजून घेतला. 60च्या वरचे पुरुष आणि 45च्या वरच्या बायका यांच्यासाठी प्रत्येक डब्यात थोडे खालचे बर्थ राखून ठेवलेले असतात. पण मेख इथे आहे, एका तिकिटावर एकटी व्यक्ती किंवा फार तर दोघं, आणि दोघंही या वयात बसणारे पाहिजेत, तरच त्या कोट्याचा विचार होतो. आई 68ची आणि सोबत मी 38ची एकाच तिकिटावर, की कोटा गेला, मग मशीन जे देईल ते. त्याच एजंटने आम्हा सगळ्यांना एका तिकिटावर टाकलं होतं आणि आईला आला वरचा बर्थ. त्याला वाटलं असणार की सगळे जवळजवळ येतील.

यावर आमच्या घरात आता जो उपाय आहे तो सांगते कारण तो खरंच उपयोगाचा आहे. माझी मोठी बहीण 48ची आहे. बायकांसाठी वयाची अट 45 असल्यामुळे आई आणि ताई दोघींचं एक तिकीट वेगळं काढायचं, दोघी कोट्यात बसतात, सोबतही झाली आणि खालच्या बर्थची शक्यताही वाढली. आई आणि सासूबाई दोघी विहिणी एका तिकिटावर, हे पण चालतं, आम्ही केलंय. बाकीच्यांचं वेगळं तिकीट. कोट्यातले बर्थ मोजकेच असतात त्यामुळे उशीर केला तर तेही संपतात, रिझर्वेशन आता 60 दिवस आधी उघडतं (1 नोव्हेंबर 2024 च्या आधी 120 दिवस होतं), म्हणून कानबाईची तारीख कॅलेंडरात बघून श्रावणाच्या दोन महिने आधीच मोबाइल घेऊन बसायचं.

जिथे मी मार्क कापते ते हेच, की म्हाताऱ्या माणसाला सांभाळायला जाणारा मुलगा किंवा सून तरुण असेल तर दोघांना एकत्र ठेवून खालचा बर्थ या कोट्यातून मिळत नाही. वेगळी तिकिटं काढली की आई एस तीनमध्ये आणि आपण एस सहामध्ये असं होऊ शकतं. ज्याला रात्री दोनदा उठून बाथरूमला न्यावं लागतं अशा माणसाचं काय करायचं? एक सोबती त्याच कोट्यात धरला पाहिजे, एवढा बदल तरी रेल्वेने करावा असं मला मनापासून वाटतं.

कोट्यात न बसणाऱ्यांसाठी फॉर्ममध्ये खाली एक पर्याय असतो, किमान एक खालचा बर्थ मिळाला तरच बुक कर, दोनचा पण आहे. मिळाला नाही तर तिकीट निघतच नाही आणि पैसे परत येतात. आजारी माणूस सोबत असेल तर हा पर्याय न चुकता वापरा, कारण नुसतं पसंतीत लोअर टाकलं तर ती फक्त पसंती असते.

नंबरवरून बर्थ ओळखायचं पण शिकून घ्या, सोपं आहे, स्लीपरमध्ये आठने भागायचं. बाकी 1 किंवा 4 उरली तर खालचा, 2 किंवा 5 मधला, 3 किंवा 6 वरचा, 7 साइड लोअर, आणि पूर्ण भाग गेला तर साइड अप्पर. म्हणजे 33 आणि 36 खालचे, 39 साइड लोअर. जुन्या डब्यात 72 आणि नवीन एलएचबी डब्यात 80 बर्थ असतात, म्हणून 33 ते 40 मधला नंबर आला की समजायचं डब्याच्या साधारण मध्यात आहे, दारापासून आणि संडासाच्या वासापासून लांब. एसटीचं ऑनलाइन बुकिंग करताना जसं सीटच्या चित्रावर बोट ठेवून जागा निवडता येते तसं मात्र इथे नाही, हा दुसरा मोठा वजा मुद्दा.

दिवसाच्या प्रवासाला दोघंच असाल तर माझी पहिली पसंती साइड लोअर. समोरच्या लांब बाकावर दिवसा तिघं बसतात, इथे दोघंच, दोघांनाही खिडकी, समोरासमोर बसून डबा खाता येतो. नंदुरबार सोडलं की कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा काढायचा, मग नवापूरला ते अर्ध महाराष्ट्रात अर्ध गुजरातमध्ये असलेलं स्टेशन पोरांना दाखवायचं. मात्र दिवसा साइड अप्परवाल्याचा पण त्या जागेवर बसायचा हक्क असतो हे लक्षात ठेवा, आणि आरएसी, म्हणजे पूर्ण बर्थ कन्फर्म न झालेलं, फक्त बसायची जागा देणारं तिकीट असेल तर ती जागा दोघांत वाटलेलीच असते, रात्री पण, भाडं मात्र दोघांचं पूर्ण. झोपायला हा बर्थ तितका चांगला नाही, दोन पाठी खाली पाडून जोडतात त्या फटीत कमरेला टोचतं, आई तिथे चादरीची चौपदरी घडी घालते मग ठीक होतं.

मला बऱ्याच जणांनी विचारलंय की एकट्या माणसाने दोन तिकिटं काढून ऐसपैस जावं का. तसं करू नका. ज्याच्या नावाचं तिकीट तो माणूस आला नाही तर टीटीई, म्हणजे तिकीट तपासणारा, त्याच्या हातातल्या मशीनमध्ये तशी नोंद करतो आणि ती जागा आरएसीवाल्याला जाते, आणि जायलाच पाहिजे, तो बिचारा अर्ध्या जागेवर बसलेला असतो.

जवळच्या प्रवासाला, म्हणजे अमळनेर-धरणगाव-जळगाव किंवा चाळीसगाव-धुळे मेमू, यातलं काहीच लागत नाही. तिथे अजून खिडकीतून रुमाल नाहीतर टॉवेल टाकून जागा धरतात, कुणी पाण्याची बाटली ठेवतं, आणि मागून येणारा विचारतो, आठे कोनी शे का, म्हणजे इथे कुणी आहे का? तिघांच्या बाकावर पाचजण सहज बसतात, आणि आपल्याकडची माणसं म्हातारी बाई दिसली की सरकतात, या ना मावशी, बसा. तासा-दीड तासाला ते मला आवडतं पण. आईला घेऊन मात्र मी ती रिस्क घेत नाही, आखाजीच्या आठवड्यात तर नाहीच.

एकूण पाचपैकी चार. पोरांच्या फुल तिकिटाला पाचपैकी पाच, कोट्याच्या त्या सोबतीच्या अटीमुळे एक गेला.

अजून एक, मधला बर्थ रात्री 10 ते सकाळी 6 एवढाच उघडा ठेवायचा असतो, त्यामुळे खालच्या माणसाला साडेआठलाच मान वाकवून बसावं लागत असेल तर मधल्या बर्थवाल्याला नम्रपणे वेळ दाखवा. आजारी, दिव्यांग आणि गरोदर बाईला त्या वेळेबाहेर पण झोपू द्यावं असं त्याच नियमात आहे. आणि सगळं करूनही आईला वरचाच आला, तर गाडी सुटल्यावर टीटीईला भेटा, रिकामा राहिलेला खालचा बर्थ ज्येष्ठांना, दिव्यांगांना किंवा गरोदर बाईला तो देऊ शकतो, मागावा मात्र आपल्यालाच लागतो.