लेट्रोझोलच्या पाच सायकल झाल्या, माझा अनुभव

बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. मला पीसीओएस (हार्मोन्सच्या गडबडीमुळे अंडं नियमित तयार न होणं) आहे, पाळी कधी ४० दिवसांनी तर कधी ७० दिवसांनी. गेल्या वर्षी दोन महिने क्लोमिफेन (अंडं वाढवायची गोळी) घेऊन झालं होतं, अंडं वाढलं पण गर्भाशयाचं अस्तर पातळच राहिलं, म्हणून डॉक्टरांनी लेट्रोझोल या दुसऱ्या गोळीवर आणलं.

घरी येऊन पाकिटातला कागद वाचला तर ब्रेस्ट कॅन्सरचं औषध! नवऱ्याने गोळी हातातून काढूनच घेतली. मग डॉक्टरांनी सांगितलं की ही गोळी इस्ट्रोजेन तयार होणं थोडे दिवस दाबते, मेंदूला वाटतं कमी पडतंय, तो एफएसएच (अंडं वाढवणारं हार्मोन) वाढवतो आणि त्यावर फॉलिकल (अंड्याची पिशवी) वाढतं. आपल्याकडे २०११ मध्ये ही गोळी अंडं वाढवायला द्यायला बंदी घातली होती, ती २०१७ ला उठली, त्यामुळे जुनं काही वाचून घाबरू नका.

पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस गोळी. २.५ एमजीवर पहिल्या महिन्यात काहीच वाढलं नाही, पाळी आणायला परत वेगळ्या गोळ्या. ५ एमजीवर मात्र १९ एमएमचं एक फॉलिकल! त्रास म्हणाल तर डोकेदुखी आणि मध्येच अंगातून गरम वाफ निघाल्यासारखं व्हायचं, बाकी विशेष नाही.

खरा वैताग गोळीचा नाहीच, फॉलिक्युलर स्टडीचा आहे. दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड सोनोग्राफी, ऑफिसमध्ये रोज नवीन कारण, आणि नेमकं रविवारी सेंटर बंद. पण ते टाळून नुसती गोळी घेऊ नका, अंडं वाढलं की नाही, एक आहे की तीन, कळणार कसं, जुळ्यांचा चान्स पण असतो.

फॉलिकल तयार झालं की एचसीजीचं (गरोदरपणात तयार होणारं हार्मोन) इंजेक्शन, त्यानंतर साधारण ३६ तासांनी अंडं फुटतं. इथे माझी मोठी चूक झाली. तिसऱ्या सायकलला इंजेक्शननंतर आठव्याच दिवशी घरी टेस्ट केली, फिकट दुसरी रेघ आली, मी रडत रडत आईला फोन केला, आई देवासमोर साखर ठेवून मोकळी. ती रेघ इंजेक्शनच्याच एचसीजीची होती, टेस्टमध्ये तेच दिसतं ना! चार दिवसांनी पाळी आली, आईला सांगायला मीच दोन दिवस लावले. आता १४-१५ दिवस व्हायच्या आत किट घरात आणतच नाही.

पाचही वेळा निगेटिव्ह, पण चार वेळा अंडं फुटलं, जे माझं आपोआप क्वचितच व्हायचं. आता नवऱ्याची सीमेन टेस्ट आणि माझी ट्यूब टेस्ट (गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघायची) करायला सांगितलीय, जी खरं तर पहिल्या गोळीआधीच व्हायला हवी होती, यावर मी अजून चिडलेली आहे.